पखालीतला ओलावा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बी.ए.च्या वर्गात मध्ययुगीन भारताचा इतिहास चालला होता. विषय होता चौसाच्या लढाईचा. साल १५३९. शेरखानाने पहाटे छापा घातला, बेसावध मोगल फौज उधळली, बादशहा हुमायूनने घोडा गंगेत घातला आणि तो बुडू लागला. तेवढ्यात एका भिस्त्याने हवा भरून फुगवलेली आपली मशक त्याच्यापुढे केली. तिच्या आधाराने बादशहा पैलतीराला लागला. पुढे या उपकाराची फेड म्हणून हुमायूनने त्या भिस्त्याला आपल्या तख्तावर बसवले. इथवर सांगून सर थांबले आणि मिस्कीलपणे म्हणाले, "पखालजी बादशहा झाला! मग राज्य जाणार नाही तर काय?" सगळा वर्ग हसला. त्या हसण्यात मीही होतो.

माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, पखालजी होते. नगरपालिकेच्या रेड्यावर पखाल लादून त्यांनी अर्धे आयुष्य रस्त्यांवर पाणी मारले आणि लोकांच्या घरचे रांजण भरले. वर्गातल्या कुणालाही हे ठाऊक नव्हते. कारण मी ते कधी सांगितलेच नव्हते. शाळेत असताना कुणी विचारले तर "दादा नगरपालिकेत होते" एवढेच मी सांगत असे. ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. त्या दिवशी वर्गातून बाहेर पडलो तेव्हा दादांना जाऊन पाच-सहा वर्षे झाली होती. आपण नेमके कुणाला हसलो, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे. आज त्या प्रश्नाबरोबरच थोडा इतिहासही सांगायचा आहे. हा इतिहास पाण्याचा आहे आणि पाणी वाहून आणणाऱ्या माणसांचा आहे.

आधी शब्द पाहू. फारसीत 'बहिश्त' म्हणजे स्वर्ग. त्यावरून 'बहिश्ती' म्हणजे स्वर्गातला, आणि त्याचा आपल्याकडे 'भिस्ती' झाला. बकऱ्याचे अखंड कातडे कमावून, त्याचे पाय शिवून, मानेकडचे तोंड उघडे ठेवून मशक बनते. तिच्यात साधारण तीस लिटर पाणी मावते. म्हणजे पाठीवर तीस किलोचे ओझे, एक हात मशकेच्या तोंडाशी आणि कंबर कायम एका बाजूला कललेली. पखाल त्याहून मोठी, ती रेड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवर. या वाकलेल्या माणसाला स्वर्गातला माणूस हे नाव कुणी दिले असेल? राजदरबाराने दिले नसावे. ज्याने उन्हातान्हात कोरड्या घशाने ओंजळ पुढे केली आणि ज्याच्या ओंजळीत थंडगार धार पडली, त्यानेच दिले असावे. नाव तहानलेल्याने ठेवले आणि हलकेपणा तहान भागलेल्याने चिकटवला.

आता पुन्हा चौसाच्या भिस्त्याकडे येऊ. सरांनी सांगितलेली गोष्ट दंतकथा नव्हती. हुमायूनची सावत्र बहीण गुलबदन बेगम हिने अकबराच्या सांगण्यावरून आपल्या आठवणी लिहिल्या. त्या 'हुमायूननामा'त ही हकीकत आहे. बादशहाने त्या सेवकाला तख्तावर बसवले, सगळ्या अमीर-उमरावांना त्याला कुर्निसात करायला लावले आणि त्याने ज्याला जे हवे ते दिले, असे ती सांगते. तिच्या मते हे दोन दिवस चालले. दुसरे कुणी दोन घटका म्हणतो, कुणी अर्धा दिवस. चामड्याची नाणी पाडल्याची गोष्ट मात्र लोकांनी मागून जोडलेली दिसते. हुमायूनचा भाऊ कामरान या प्रकारावर नाराज झाला. सेवकाला बक्षीस द्यायचे तर दुसरे काही द्यावे, शत्रू दाराशी आला असताना तख्तावर बसवण्याचा हा कसला खेळ, अशा अर्थाचा निरोप त्याने पाठवला.

कामरानचे म्हणणे व्यवहाराला धरून होते हे मान्य करायला हवे. पुढच्याच वर्षी, १५४० मध्ये, कनौजला हुमायून पुन्हा हरला आणि पंधरा वर्षे त्याला राज्याबाहेर काढावी लागली. पण राज्य गेले ते भिस्ती तख्तावर बसला म्हणून नव्हे. ते गेले भावाभावांतल्या बेबनावाने आणि शेरखानासारख्या कसलेल्या सेनानीपुढे टिकाव न लागल्याने. सरांच्या विनोदात एवढी एक चूक होती. सगळे होत्याचे नव्हते होत असताना एका बादशहाला आपला जीव कुणी वाचवला याची आठवण राहिली, दिलेला शब्दही आठवला, आणि भर दरबारात त्याने तो पाळला. हुमायूनच्या कारकिर्दीत चुका पुष्कळ आहेत, पण या गोष्टीला मी चूक म्हणणार नाही.

या प्रसंगाबद्दल लिहिणारा आणखी एक माणूस आहे, जौहर आफ्ताबची. आफ्ताबा म्हणजे पाण्याचा चंबू. बादशहाच्या हातावर पाणी घालायचे, हेच जौहरचे काम. दरबारातल्या पायऱ्यांमध्ये अगदी खालची पायरी. पण चंबू घेऊन तो विजयातही बरोबर होता आणि वनवासातही. म्हातारपणी, १५८७ च्या सुमारास, त्याने आपल्या आठवणी लिहिल्या आणि आज हुमायूनचा इतिहास लिहिणाऱ्या कुणालाही जौहरचे बोट धरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भिस्त्याचे नाव निजाम होते, हे त्याने नोंदवून ठेवले आहे. मोठ्या सरदारांच्या गर्दीत एका पाणक्याचे नाव विचारून लक्षात ठेवायला दुसरा पाणक्याच लागला. अजमेरच्या दर्ग्याच्या आवारात या निजामाची म्हणून एक कबर दाखवतात.

मुसलमानी समाजात पाणी पाजण्याला जे मोल आहे त्यात करबलाच्या आठवणीचा मोठा वाटा आहे. इसवी सन ६८० मध्ये, मोहरमच्या दहा तारखेला, फुरात नदीच्या काठी इमाम हुसेन आणि त्यांचे सोबती मारले गेले. त्याआधी त्यांचे पाणी तोडण्यात आले होते. तहानेने कळवळणाऱ्या मुलांसाठी हुसेनचे भाऊ अब्बास मशक घेऊन नदीवर गेले. परतताना त्यांचे हात तोडले गेले, मशकेला बाण लागला आणि पाणी वाळूत सांडले. ते नदीत उभे असतानाही स्वतः पाणी प्यायले नाहीत, असे परंपरा सांगते. म्हणून अब्बासांना 'सक्का' म्हणतात, पाणी पाजणारा. उत्तरेतले कितीतरी भिस्ती स्वतःला 'अब्बासी' म्हणवतात ते याच आठवणीने. पोट भरण्यासाठी करायचे एक कष्टाचे काम, पण त्याची नाळ त्यांनी इतिहासातल्या सर्वांत मोठ्या तहानेशी जोडली.

आमच्या पश्चिम महाराष्ट्रात मोहरम हा निव्वळ मुसलमानांचा कधीच नव्हता. पंजे धरणारे, नवस बोलणारे, चोंगे करणारे यात कोण कोणत्या धर्माचा हे ओळखू येऊ नये. त्या दिवसांत चौकाचौकांत सबील लागते. रांजण, त्यात सरबत किंवा नुसते पाणी, येईल त्याला द्यायचे. चैत्र लागला की त्याच चौकात पाणपोई उभी राहते. रांजणाला ओले फडके, पाण्यात वाळा, वर झाकण आणि शेजारी लांब दांड्याचा पितळी पळा घेऊन बसलेली एखादी म्हातारी. सबील आणि पाणपोई, नावे दोन आहेत. तहान मात्र एकच.

दख्खनच्या मातीत या गोष्टीला खोल ओल आहे. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. त्याने खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने डोंगराकडून जमिनीखालून पाणी आणले. ती नहर-ए-अंबरी. पुढे त्याच शहरात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी पाण्याच्या जोरावर चालणारी पाणचक्की झाली. तिच्यावर दळलेले पीठ फकिरांच्या आणि वाटसरूंच्या पोटात जाई. पर्यटक तिथे आजही जातात, हौदावरून कोसळणारी धार पाहतात, फोटो काढतात. त्या धारेने पूर्वी भाकरी दिली आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

तिथून पैठण दूर नाही. नाथांच्या दोन आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एक, काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली. दुसरी श्रीखंड्याची. साक्षात भगवंत नाथांच्या घरी बारा वर्षे कावडीने पाणी भरत राहिला आणि कुणाला पत्ता लागला नाही. नाथषष्ठीच्या वेळी नाथांच्या वाड्यातला रांजण भरण्याची प्रथा पैठणला अजून पाळली जाते. कुणाच्या तरी घागरीने तो भरून वाहू लागतो. तो देवच आला असे मानतात. या कथांचा खरेखोटेपणा तपासण्यात अर्थ नाही. मराठी मनाने देवाला काम नेमून द्यायचे ठरवले तेव्हा त्याने देवाच्या हातात तलवार दिली नाही. खांद्यावर कावड दिली, जनाबाईच्या जात्याशी बसवले. आमच्याकडेही एक कथा सांगतात. वाळवंटात तहानलेल्या कुत्र्याला आपल्या पायताणाने विहिरीतले पाणी काढून पाजणाऱ्या एका बदनाम बाईचे सगळे गुन्हे अल्लाहने माफ केले. पैठणचे गाढव आणि वाळवंटातले कुत्रे मला नेहमी एकाच विहिरीवर भेटतात.

पण थांबा. एवढ्यावर भाषण संपवले तर ते गोड होईल आणि अर्धवटही. ज्या समाजाने देवाच्या खांद्यावर कावड दिली, त्याच समाजाने विहिरीवर पहारेही बसवले. ज्यांच्या घरी मोहरमची सबील लागे त्यांचे हातही स्वच्छ नव्हते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेतला अनुभव लिहून ठेवला आहे. तहान लागली तर इतर मुले नळाशी जाऊन पाणी पीत. यांना तोटीला हात लावायची मुभा नव्हती. शाळेच्या शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. ही हकीकत वाचली की मी त्या शिपायाचा विचार करतो. त्याच्या कामाहून हलके काम शाळेत दुसरे कुठले असणार? पण एका मुलाची तहान त्याच्या मनगटात होती. तो शिपाई चांगला असेल तर पळत येईल, वाईट असेल तर तासभर ताटकळत ठेवील. काम तेच, तोटी तीच. त्या कामातून माणूस पाणी देणारा होतो की पहारेकरी होतो, ते त्याच्या मनावर होते.

१९०१ च्या सुमारास नऊ-दहा वर्षांचे बाबासाहेब भावंडांबरोबर वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीने पुढे. रात्र झाली, शिदोरी होती, पण पाणी नव्हते. टोलनाक्यावरच्या माणसाकडे पाणी मागायचे होते. जात कळली तर मिळणार नाही, म्हणून या मुलाने उर्दूत बोलून आपण मुसलमान असल्याचे सांगितले. तरीही टोलवाल्याने त्याला झिडकारले, टेकडीकडे बोट दाखवले. मुले शिदोरी तशीच ठेवून उपाशी झोपली.

आणि आता माझ्या समाजाचे. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराशी काठोकाठ भरलेला हौद पाहून प्रवासाने धुळकटलेल्या या मंडळींनी हातपाय धुतले. तोच एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा मुसलमान, यांनी हौद बाटवला, असे ओरडत धावून आला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. तुमचा धर्म हेच शिकवतो का, या बाबासाहेबांच्या प्रश्नाला कुणापाशी उत्तर नव्हते. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि बरोबर हत्यारी शिपाई देऊन. रमजानमध्ये दिवसभर तहान सोसून दुसऱ्याची तहान समजून घ्यावी, असे आम्हाला शिकवतात. त्या म्हाताऱ्यालाही कुणीतरी शिकवले असेलच. हा प्रसंग मी माझ्या मुलांना मुद्दाम वाचायला दिला. करबलाची तहान सांगणाऱ्या घरात दौलताबादचा हौदही सांगितला गेला पाहिजे.

म्हणून नुसत्या दयाबुद्धीवर भिस्त ठेवून चालत नाही. १८६८ मध्ये महात्मा फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यांनी पाणी वाढले नाही. ज्याचे त्याने घ्यावे, अशी वाट करून दिली. १९२३ मध्ये रावबहादूर बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात झाला. महाड नगरपालिकेनेही त्याला अनुसरून ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. मार्च १९२७ च्या महाड परिषदेसाठी हजारो माणसे जमली तेव्हा त्यांच्या पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. गावात भले थोरले तळे आणि पाणी विकत! २० मार्चला बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. सनातन्यांनी मग तळ्याचे शुद्धीकरण केले. प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. त्याच १९२७ च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेसाठी गावात कुणी जागा देईना, तेव्हा एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. दौलताबाद सांगितले म्हणून महाडही सांगायला हवे.

म्हणजे हक्क आधी. तोटी सोडायला कुणाची वाट पाहावी लागू नये. पण हक्क मिळाला म्हणून माणुसकीचे काम संपते का? इथे मला पुन्हा आमचे घर आठवते.

नळ आले आणि भिस्ती गेले, असे आपण सहज म्हणतो. ते एका दिवसात झाले नाही. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी मुंबईत नळाने आले, मग १८७९ मध्ये तुळशीचे, १८९२ मध्ये तानशाचे. मोठ्या शहरातून भिस्ती मागे सरला तरी संपला नाही. रस्त्यावरची धूळ बसवायला तो हवा होता, उन्हाळ्यात साहेबाच्या कचेरीतले वाळ्याचे पडदे भिजवायला हवा होता, पलटणीबरोबर तर हवाच होता. मुंबईतच जन्मलेल्या किपलिंगने १८९० साली एका पलटणीतल्या भिस्त्यावर कविता लिहिली. तीत त्याला लाथा घालणारा गोरा सोजीर अखेरीस त्याचे मोठेपण कबूल करतो. कबूल करायला त्या सोजिराला गोळी लागावी लागली, घसा कोरडा पडावा लागला. रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे वेगळे पाणीवाले असत, तेही याच काळात. पाण्याला धर्म लागलेला पाहणारी माणसे आपल्यात परवापरवापर्यंत होती.

आमच्या गावात नळ उशिरा आले. दादा निवृत्त झाले तेव्हा पखाल गेली, पण मशक खुंटीला राहिली. लग्नाच्या मांडवात सडा मारायला, उरुसात, आणि कबरस्तानात ताज्या कबरीवर पाणी शिंपडायला लोक त्यांना बोलावत. सारे गाव त्यांना पखालीचाचा म्हणे. मग १९७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हा मांडीवरचा होतो, ही हकीकत मला आजीकडून आणि वडिलांकडून कळली. नळ आटले, गावातल्या विहिरी तळाला गेल्या. गावाबाहेरच्या एका मळ्यात तेवढे पाणी होते. साठी उलटलेल्या दादांनी खुंटीवरची मशक काढली, भिजत घालून नरम केली, चरबी चोळली आणि पहाटेपासून खेपा सुरू केल्या. पैसे कुणी दिले तर घेत, नाही दिले तर मागत नसत.

गल्लीच्या तोंडाशी एक विधवा बाई राहत. ब्राह्मण, सोवळ्यातल्या, वयाने दादांच्याच बरोबरीच्या. मुलगा परगावी नोकरीला. दादा पहिली खेप घेऊन त्यांच्या दाराशी गेले. बाई म्हणाल्या, "पखालीचाचा, चामड्यातलं पाणी कसं घेऊ हो मी? मला नको." वडील सांगत, त्यांना स्वतःला त्या बोलण्याचा फार राग आला होता. गावाला पाणी नाही आणि हिला सोवळे सुचते! पण दादांनी मशक दुसऱ्या घरी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी परत त्या दाराशी गेले आणि म्हणाले, "बाई, तुमची घागर द्या." मग रोज पहाटे पहिली खेप घागरीची. तांब्याची घागर डोक्यावर, तीही त्यांच्याच दोराने शेंदलेली, आणि नंतर मशकेच्या खेपा. वडिलांनी एकदा तोंडावर विचारले, की अपमान करणाऱ्या बाईला पाणी का देता? दादा म्हणाले, "अरे, ती तहानलेली आहे. वाद घालायला तिच्या घशात आधी ओल तर पाहिजे."

खरे सांगायचे तर अनेक वर्षे मला दादांचे हे वागणे पटत नव्हते. मला ते नमते घेणे वाटे. महाडची गोष्ट वाचल्यावर तर जास्तच. आज असे वाटते की दोन्ही गोष्टी आपापल्या जागी आहेत. जिथे पाण्यावर माझा हक्क आहे तिथे मी वाकणार नाही, ही महाडची शिकवण. जिथे पाणी माझ्या हातात आहे तिथे समोरच्याची तहान मी त्याच्या चुकांच्या हिशेबाने मोजणार नाही, ही दादांची. शाळेच्या त्या तोटीपाशी यातले एकही नव्हते. मुलाला हक्क नव्हता, आणि माणुसकी मिळायची तर ती शिपायाच्या मर्जीवर.

आपल्याकडे एक म्हण आहे, रोग रेड्याला आणि डाग पखालीला. आजारी रेडा, पण तापल्या सळईने डागतात पखालीला. श्रमप्रतिष्ठेवरची आपली भाषणे मला तशीच वाटतात. झाडूवाल्याला, शिपायाला, पाणक्याला आपण सांगतो, बाबा रे, कोणतेच काम हलके नसते. पण त्याने कधी ते हलके मानले होते? दादांना आपल्या कामाची लाज वाटल्याचे मला आठवत नाही. मशक ते मुलाला न्हाऊ घालावे तशी धूत. लाज मला वाटत होती. रोग माझ्या नजरेत होता. कामाला प्रतिष्ठा देण्याचे औषध करणाऱ्याला पाजून उपयोग नाही. ते बघणाऱ्याने घ्यायचे असते.

आज मशक वस्तुसंग्रहालयात जाण्याच्या वाटेवर आहे. पाण्याची वाट पाहणे मात्र संपलेले नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याच्या जागी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून दहा टँकरची रेल्वेगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरची ही खेप. त्या गाडीचे फोटो सगळीकडे छापून आले, स्वागताचेही आले. टँकर धुणारे, पाइप जोडणारे, व्हॉल्व्ह फिरवणारे हात त्यात क्वचितच दिसले. आजचे भिस्ती तेच आहेत. टँकर गल्लीत आला की सगळ्यात मागे उभ्या असलेल्या म्हातारीचा हंडा आधी भरणारा पाइपवाला आपण कधीतरी पाहिलेला असतो. आणि 'संपलं पाणी' म्हणून नळी गुंडाळणाराही पाहिलेला असतो. दोघांचा पगार सारखाच असतो.

दादा १९८४ च्या उन्हाळ्यात गेले. आमच्यात मूठमाती झाल्यावर कबरीवर पाणी शिंपडतात. हे काम गावात दादाच करत आले होते. त्यामुळे आता ते कुणी करायचे, यावर जरा कुजबुज झाली. तेवढ्यात कबरस्तानाच्या फाटकाशी त्या बाईंचा मुलगा उभा दिसला. खांद्यावर तीच तांब्याची घागर होती. बाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. "आईनं पाठवलंय," एवढेच तो म्हणाला. वडिलांनी घागर घेतली आणि सगळे पाणी कबरीवर घातले. रिकामी घागर मी त्यांच्या घरी पोचवली. बाईंनी मला जवळ बसवले, पाणी प्यायला दिले, आणि विचारले, "तुझ्या आजोबांची ती मशक आहे ना रे अजून? टाकू नका."

टाकली नाही. ती आमच्या बैठकीच्या खोलीत टांगलेली आहे. कातडे आता कडक झाले आहे आणि त्यात पाणी राहणार नाही. घरी येणारा पाहुणा विचारतो, हे काय आहे? मी सांगतो, "आमच्या आजोबांची मशक. ते पखालजी होते."